हिशेब घरातच ठेवायचा आहे, पण कसा?

पत्र: मी सांगलीत अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षं एक मोफत ॲप वापरलं. ते बँकेचे एसेमेस वाचून खर्च आपोआप लिहायचं. आता त्यात रोज ‘तुमच्यासाठी कर्ज मंजूर’ असं दिसतं आणि मला ते नकोसं झालंय. पगार एका बँकेत येतो, गृहकर्जाचा हप्ता दुसऱ्या बँकेतून जातो. एक क्रेडिट कार्ड आहे, दोन एसआयपी आहेत आणि बाकी सगळं यूपीआय. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १० चा. लॅपटॉपबाहेर काहीही न पाठवणारं सॉफ्टवेअर आहे का? मला कॉमर्स येत नाही. स्टेटमेंटची पीडीएफ एक्सेलमध्ये करून देणारी एक मोफत वेबसाइट सापडली आहे, ती वापरू का? ता. क. मी भिशीतही आहे. ती कुठे लिहायची?

उत्तर:

ताई, वेबसाइटचं आधी सांगतो, कारण घाई तिथे आहे. त्यावर स्टेटमेंट चढवू नका. ॲप एसेमेस वाचतं म्हणून ते काढायचं आणि नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि वर्षभराचे व्यवहार एका अनोळखी सर्व्हरला स्वतःहून द्यायचे, यात काही कमावलं नाही. घरगुती हिशेबाची माहिती सॉफ्टवेअरमधून फारशी गळत नाही. ती गळते स्टेटमेंट उतरवताना, फाइल बदलून घेताना, व्हॉट्सॲपवर सीएला पाठवताना आणि बॅकअप घेताना. म्हणून पुढचं बरंचसं सांगणं त्या वाटेबद्दल आहे.

एक मर्यादा आधीच मान्य करू. तुमचा व्यवहार तुमच्या बँकेला, यूपीआय ॲपला आणि कार्ड कंपनीला कळणारच. व्याज आणि म्युच्युअल फंडांची खरेदी-विक्री आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही दिसते. तुमच्या हातात एवढंच आहे की हे सगळे तुकडे एकत्र जोडून बसलेला आणखी एक तिऱ्हाईत निर्माण होऊ द्यायचा नाही. एसेमेस वाचणारं ॲप तोच तिऱ्हाईत असतं. पगाराची तारीख, उरलेली शिल्लक, चुकलेला हप्ता, दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं कर्ज, सगळं त्या एसेमेसमध्येच असतं.

जुनं ॲप नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. फोनवरून ॲप गेलं तरी त्यांच्या सर्व्हरवरचा साठा तसाच राहतो. आधी ॲपमधून जुन्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ तोडलेल्या साध्या मजकूर फाइलीत, उतरवून घ्या. मग खातं मिटवण्याची विनंती करा. खातं उघडू देणाऱ्या ॲपने ही सोय ॲपमध्ये आणि बाहेर वेबवरही द्यावी, असा गूगल प्लेचा नियम आहे. त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये एसेमेसची परवानगी काढा. नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी ही वेगळी असते आणि बहुतेकांची नजर तिथे जातच नाही. एसेमेस बंद केला तरी नोटिफिकेशन उघडं राहिलं, तर बँकेचा संदेश तिथून वाचता येतो. ॲपला जीमेल जोडलं असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर तिऱ्हाईत ॲपच्या यादीतून तेही काढा. अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेची माहिती दुसऱ्या ॲपला पोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत, बँक खातं जोडलं असेल, तर ती संमती ॲग्रिगेटरच्याच ॲपमध्ये जाऊन मागे घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या नियमांनुसार चालणारे हे ॲग्रिगेटर माहिती कुलूपबंद अवस्थेत पुढे सरकवतात, स्वतः वाचू शकत नाहीत. पण ज्याला ती पोचली तो वाचतोच. संमती मागे घेतल्याने पुढचा प्रवाह थांबतो, आधी गेलेलं आपोआप परत येत नाही. म्हणून विनंती आधी, अनइन्स्टॉल शेवटी.

आता सॉफ्टवेअर. तुमच्यासाठी ग्नूकॅश सुचवतो. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो), १९९८ पासून आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. खातं उघडावं लागत नाही, ईमेल मागत नाही. भाव ऑनलाइन आणायची किंवा बँक थेट जोडायची सोय तुम्ही स्वतः चालू केली नाहीत, तर तुमचे व्यवहार कुठे पाठवत नाही. दुसरी नावंही सांगतो. होमबँक शिकायला सोपं आहे. मनी मॅनेजर ईएक्समध्ये फाइललाच पासवर्ड घालता येतो. ॲक्चुअल बजेट पाकिटात पैसे वाटून ठेवण्याच्या पद्धतीचं आहे आणि फोनवरही हवं असेल तर चांगलं, पण त्यासाठी स्वतःचा सर्व्हर सांभाळायची तयारी लागते. तुमच्याकडे गृहकर्ज, कार्ड, एसआयपी आणि भिशी असा चौफेर पसारा आहे. तो द्विनोंदी पद्धतीतच (प्रत्येक रक्कम दोन खात्यांत लिहायची, पुढे सांगतो) नीट बसतो, म्हणून ग्नूकॅश. यातलं काहीच निभणार नाही असं वाटलं, तर लिब्रेऑफिस या एक्सेलसारखी सोय असलेल्या मोफत सॉफ्टवेअरच्या कोष्टकाला सेव्ह करताना पासवर्ड लावून महिन्याला वीस ओळी लिहा. तेही एसेमेस वाचणाऱ्या ॲपपेक्षा बरंच.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय पाहा किंवा त्यावर लिनक्स घाला. ग्नूकॅशची फाइल तिकडे जशीच्या तशी उघडते. ग्नूकॅश मात्र त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधयंत्रात वर आलेल्या जाहिरातीवरून नको.

ग्नूकॅशची एक उणीव आधीच कळलेली बरी. त्याला पासवर्ड नाही. फाइल दाबून लहान केलेली असते, कुलूपबंद नसते. लॅपटॉप हाती लागलेला कुणीही ती उघडू शकतो. म्हणून कुलूप बाहेरून लावायचं, व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने. ते फाइली ठेवायला कंटेनर म्हणजे पासवर्डचा कुलूपबंद डबा बनवतं. ‘क्रिएट व्हॉल्यूम’ म्हणा, फाइल कंटेनर निवडा, साधा प्रकार घ्या, आकार ५०० एमबी ठेवा. हिशेबाची फाइल फार लहान असते, उरलेली जागा स्टेटमेंटसाठी. पासवर्ड वीस अक्षरांहून लांब असू द्या, चार-पाच असंबद्ध शब्दांचा चालेल, पण रोमन अक्षरांत. दुसऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसला की देवनागरी पासवर्ड तुम्हालाच बाहेर ठेवतो. मग ‘माउंट’ केलं की कंटेनर एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो आणि ग्नूकॅशची फाइल त्याच्या आत सेव्ह करायची.

आतच का, याला कारण आहे. ग्नूकॅश प्रत्येक सेव्हला तारीख-वेळ लावलेली जुनी प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. शिवाय त्या बैठकीतल्या बदलांची एक लॉग फाइल ठेवतं, जी साध्या नोटपॅडमध्ये वाचता येते. मूळ फाइल कुलपात हलवली आणि या प्रती डेस्कटॉपवर राहिल्या, तर कुलपाचा उपयोग शून्य. या प्रती डिफॉल्टने ३० दिवस राहतात. त्या पुसून टाकू नका, चुकून काही बिघडलं तर त्याच कामी येतात.

बॅकअपसाठी कंटेनरची फाइल महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा, पण आधी ‘अनमाउंट’ (जुन्या आवृत्तीत ‘डिसमाउंट’) म्हणजे बंद करून. उघड्या कंटेनरची प्रत अर्धवट निघू शकते. तो गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवणार असाल तर आणखी एक खोच आहे. व्हेराक्रिप्ट मुळात कंटेनरची बदल-तारीख जुनीच ठेवतं, त्यामुळे सिंक करणाऱ्या ॲपला वाटतं की काही बदललंच नाही आणि महिनोन्‌महिने जुनी प्रत वर पडून राहते. सेटिंग्जमध्ये तारीख जपण्याच्या पर्यायाची खूण काढा. पासवर्ड विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून विम्याच्या कागदांसोबत कपाटात ठेवा आणि घरात आणखी एकाला जागा सांगा. चोर कपाटातला कागद आणि लॅपटॉपमधली फाइल यांची सांगड घालत बसेल, ही शक्यता तुम्ही पासवर्ड विसरण्यापेक्षा फार कमी.

कॉमर्स येत नाही म्हणालात, त्याची अडचण नाही. गावाकडच्या किराणा दुकानातली खतावणी आठवा. प्रत्येक रकमेला दोन टोकं असतात, कुठून निघाली आणि कुठे पोचली. बस, द्विनोंदी म्हणजे एवढंच. ग्नूकॅशमध्ये पाच मोठे कप्पे असतात: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि सुरुवातीची शिल्लक. खात्यांची नावं देवनागरीत लिहिता येतात. नवी फाइल बनवताना चलन भारतीय रुपया आहे ना ते बघा आणि फक्त नेहमीच्या खात्यांचा संच घ्या. मग त्यातलीही निम्मी खाती उडवा. खर्चाची खाती बारा-पंधरापेक्षा जास्त नकोत. भाजी, फळं, दूध, किराणा अशी चार खाती करणाऱ्यांचा हिशेब गणपतीपर्यंतही पोचत नाही; ‘स्वयंपाकघर’ एवढं एकच पुरे. प्रेफरन्सेसमध्ये हिशेबाचं वर्ष १ एप्रिलपासून करा, नाहीतर सगळे अहवाल जानेवारीपासून निघतील.

मागची वर्षं भरत बसू नका. या महिन्याच्या १ तारखेची प्रत्येक खात्याची शिल्लक सुरुवातीची शिल्लक म्हणून टाका आणि पुढे चला.

पगाराची नोंद बँकेत आलेल्या रकमेची करू नका, पगारपत्रकाची करा. समजा एकूण पगार ६४,००० आहे. त्यातून एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेचे ५,८००, व्यवसाय कर २००, टीडीएस १,००० गेले आणि बँकेत ५७,००० आले. ही एकच नोंद, पाच ओळींची. एनपीएस मालमत्तेत जातो, दोन्ही कर खर्चात. ही नोंद दरमहा आपोआप यायला लावता येते, फक्त फेब्रुवारीत हात घालावा लागतो, कारण महाराष्ट्रात त्या महिन्याचा व्यवसाय कर ३०० असतो. शंभर रुपये कुठे गेले म्हणून मार्चमध्ये डोकं खाजवणारे पुष्कळ.

गृहकर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे दरमहा शोधू नका. पूर्ण हप्ता कर्जखात्यात जमा दाखवा. वर्षअखेर बँक व्याजाचा दाखला देते. त्यातला आकडा घेऊन एकच नोंद करा: खर्चात व्याज, समोर कर्जखातं. कर्जाची शिल्लक बँकेच्या आकड्याशी जुळते. मधल्या महिन्यांत ती खरीपेक्षा कमी दिसेल, तेवढं चालवून घ्या.

आणि क्रेडिट कार्ड. नवशिक्यांचा खर्च दुप्पट दिसतो तो इथे. कार्डावर ३,००० ची साडी घेतली तेव्हा खर्च झाला आणि कार्डाचं देणं वाढलं. पुढच्या महिन्यात बिल भरलं तो खर्च नाही, तिथे बँकेतून पैसे निघून देणं कमी झालं. बिल पुन्हा ‘खरेदी’त टाकलं तर साडी ६,००० ची होते. एटीएमचंही तसंच. काढलेले पैसे ‘रोख पाकीट’ या खात्यात जातात. आठवड्यातून एकदा पाकीट मोजा आणि जो फरक येईल तो सरळ ‘किरकोळ’ला टाका. चहाचे दहा रुपये आठवत बसण्यात अर्थ नाही.

खरी मेहनत स्टेटमेंट आत घेण्यात आहे, म्हणून ते सावकाश सांगतो. पीडीएफच्या मागे लागू नका. बहुतेक बँका नेटबँकिंगमध्ये एक्सेल किंवा सीएसव्ही देतात, मात्र मोबाइल ॲपमध्ये तो पर्याय नसू शकतो. म्हणून लॅपटॉपवरून लॉगिन करा आणि फाइल थेट कंटेनरमध्ये उतरवा. काही बँकांची ‘एक्सेल’ फाइल प्रत्यक्षात टॅबने तोडलेला साधा मजकूर असते. ती उघडताना इशारा येतो, घाबरू नका. लिब्रेऑफिस कॅल्क विचारेल तेव्हा टॅब हा विभाजक निवडा. पीडीएफशिवाय गत्यंतरच नसेल तर टॅब्युला हे पीडीएफमधली कोष्टकं काढून देणारं मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते ब्राउझरमध्ये उघडतं म्हणून वेबसाइट वाटतं, पण चालतं तुमच्याच मशीनवर, इंटरनेट बंद ठेवूनही. पीडीएफला पासवर्ड असेल तर तो काढलेली प्रत आधी करावी लागते. काम झालं की ती प्रत पुसा, रिसायकल बिनमधूनही.

कॅल्कमध्ये वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी आणि खालच्या बेरजा काढून टाका. चार स्तंभ ठेवा: तारीख, तपशील, काढलेले, भरलेले. रकमेतले स्वल्पविराम ‘शोधा आणि बदला’ने घालवा. १,२५,०००.०० मधली आपली लाखाची मांडणी दर वेळी बरोबर वाचली जाईल याचा भरवसा नसतो. रकमेला ‘सीआर’, ‘डीआर’ चिकटलेलं असेल तर तेही काढा.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट. ग्नूकॅश तुमच्या निवडीवरून शिकतं. एकदा अमुक दुकान ‘स्वयंपाकघर’ला लावलंत की पुढच्या वेळी तेच सुचवतं. पण ते तपशिलाचे शब्द मोकळ्या जागेवर तोडतं. यूपीआयचा तपशील बऱ्याच बँका तिरप्या रेघांनी सलग जोडून देतात, मध्ये दर वेळी नवा बारा आकडी संदर्भ क्रमांक. ग्नूकॅशच्या लेखी ती अख्खी ओळ एकच शब्द ठरते आणि तो शब्द पुन्हा कधीच येत नाही. मग लोक म्हणतात, हे सॉफ्टवेअर काही शिकत नाही. उपाय सोपा आहे. तपशिलाच्या स्तंभात तिरप्या रेघा आणि आडव्या रेघा बदलून त्या जागी मोकळी जागा टाका. दुकानाचं नाव सुटं झालं की दोन-तीन महिन्यांत बरीच खाती आपोआप लागायला लागतात.

फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं शाबूत ठेवणारा पर्याय). ग्नूकॅशच्या फाइल मेनूतून इम्पोर्ट, त्यात सीएसव्हीतून व्यवहार. पहिली ओळ वगळायला सांगा, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष करा. हा क्रम चुकला तर ५ मार्चचा व्यवहार ३ मेला जाऊन बसतो आणि १३ तारखेपासून पुढच्या ओळी लाल होतात. ‘भरलेले’ला अमाउंट आणि ‘काढलेले’ला अमाउंट निगेटेड हा प्रकार द्या, जुन्या आवृत्तीत हेच डिपॉझिट आणि विथड्रॉवल नावाने दिसतात. ही मांडणी बँकेच्या नावाने जतन करून ठेवा, पुढच्या महिन्यापासून हे काम मिनिटभराचं होतं. पुढच्या पडद्यावर ज्या ओळींना खातं लागलेलं नाही त्यांना लावा. सोडून दिलेल्या ओळी ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात साचतात. ते खातं रिकामं असणं हीच काम संपल्याची खूण.

तुमची दोन बँक खाती आहेत, म्हणजे पगाराच्या खात्यातून हप्त्याच्या खात्यात पैसे जात असणार. तो व्यवहार दोन्ही स्टेटमेंटांत असतो. दुसरं स्टेटमेंट घेताना ग्नूकॅश तारीख आणि रक्कम पाहून ‘हा आधीच आहे’ असं बहुधा ओळखतं, पण मधे रविवार आला की चुकूही शकतं. त्या ओळी स्वतः तपासा.

महिनाअखेर ताळमेळ. खातं उघडा, ‘रिकन्साइल’ म्हणा, स्टेटमेंटची शेवटची शिल्लक टाका आणि एकेक नोंदीवर खूण करत फरक शून्यावर आणा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर हाताने लिहिलेल्या एखाद्या नोंदीत आकडे उलटे पडलेत असा संशय घ्या: १,६४० च्या जागी १,४६० लिहिलं की फरक १८० येतो. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी खर्चात गेली आहे. मुनीमजींच्या या युक्त्या संगणकावरही तशाच चालतात.

एसआयपीत पंचवीस पैशांचा घोळ येईल. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. ५,००० च्या हप्त्यातून २५ पैसे त्यात जातात आणि युनिट मिळतात ४,९९९.७५ चे. ते २५ पैसे ‘किरकोळ’ला लावा. फंडाची युनिट दशांशांत असतात, म्हणून ग्नूकॅशच्या सिक्युरिटी एडिटरमध्ये (फंडाची माहिती भरायची खिडकी) अपूर्णांक १/१००० किंवा १/१०००० ठेवा. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, रोज कशाला हवी? सहा महिन्यांतून एकदा हाताने भरा. ऑनलाइन आणायचीच असेल तर भारतीय फंडांसाठी ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेची यादी वापरणारा स्रोत निवडा. तिथून सगळ्या फंडांची एकच फाइल उतरते, त्यामुळे तुमच्याकडे कुठले फंड आहेत हे पलीकडे कळत नाही.

राहिली भिशी. बारा जणी, महिन्याला ५,००० असं धरतो. ‘भिशी’ नावाचं खातं मालमत्तेत उघडा आणि प्रत्येक हप्ता बँकेतून किंवा पाकिटातून तिथे टाका. चौथ्या महिन्यात तुमचा नंबर लागला आणि ६०,००० हाती आले, तर ते उत्पन्नात लिहायचे नाहीत. भिशी खात्यातून बँकेत आणा. तोवर तुम्ही २०,००० भरलेले असतात, म्हणून खातं उणे ४०,००० दाखवेल. ते बरोबरच आहे. तेवढे पैसे तुम्ही मैत्रिणींना देणं लागता आणि उरलेल्या आठ हप्त्यांनी खातं शून्यावर येतं. भिशी बोलीची असेल (म्हणजे सर्वांत कमी रकमेवर तयार होईल तिला आधी मिळते) आणि तुम्ही ६०,००० ऐवजी ५६,००० वर उचलली असेल, तर सोडलेले ४,००० त्याच नोंदीत खर्चात ‘भिशीची तूट’ म्हणून लिहा. इतर महिन्यांत बोलीतला तुमचा वाटा वजा होऊन हप्ता कमी बसला, तरी भिशी खात्यात पूर्ण ५,००० दाखवा आणि वाचलेली रक्कम उत्पन्नात टाका. नाहीतर बारावा हप्ता भरूनही खातं उणेच राहील आणि चूक शोधत तुम्ही बँकेची स्टेटमेंटं चाळत बसाल.